लष्करी मुठीतली जपानी तलवार : सहीवरून लोहाराचा माग कसा काढायचा

सातारा जिल्ह्यातल्या एका घरी मित्राच्या काकूंनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली तलवार माझ्यासमोर ठेवली. म्यानावर तपकिरी चामड्याचं आवरण, मुठीला आडव्यातिडव्या विणीची फीत, फितीखाली पितळेची छोटी फुलं. त्यांचे सासरे मराठा लाईट इन्फंट्रीत होते. ब्रह्मदेशातून परतताना त्यांनी ती आणली होती. दर खंडेनवमीला ती खाली येते, तिची पूजा होते आणि पुन्हा वर जाते. "आत मुठीत काहीतरी लिहिलंय म्हणे. कुणी घडवली एवढं तरी कळेल का?" काकूंनी विचारलं.

कळतं. बऱ्याच वेळा घडवणाऱ्याचं नाव कळतं, गाव कळतं, कधी महिनाही कळतो. मात्र नवखा माणूस थेट नावावर झेपावतो आणि तिथेच फसतो. तलवारीवरची सही हा एक दावा असतो. तो खरा की खोटा, जुना की नवा, हे बाकीच्या खुणा सांगतात. म्हणून आधी साक्षीदार तपासायचे आणि नावाकडे शेवटी जायचं. पुढचा सगळा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

या तलवारी आपल्याकडे आल्या कशा

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढल्या. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत चौथी बटालियन होती. १२ सप्टेंबर १९४५ ला सिंगापुरात जपानी सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या. त्यानंतर आग्नेय आशियात जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी जमा करून घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी आठवण म्हणून विजेत्या सैन्यातल्या लोकांच्या घरी गेल्या. १९४६ मध्ये ताबा-फौजेचा भाग म्हणून भारतीय तुकड्या खुद्द जपानात उतरल्या, त्यांत मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. या तुकड्या ज्या डिव्हिजनमध्ये होत्या, तिचं मुख्यालय ओकायामाला होतं. ओकायामा म्हणजे जुना बिझेन प्रांत, जपानच्या तलवारींचं सर्वांत मोठं माहेर. ही गोष्ट मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी बराच वेळ नकाशा उघडून बसलो होतो.

घरात तलवार कुणी, कुठून, कोणत्या साली आणली हे आजच लिहून काढा. पलटणीचं नाव, पदकं, जुना फोटो, डिस्चार्ज बुक, जे असेल ते. घरातलं जुनं माणूस बसलेलं असताना हे काम पहिल्यांदा करायचं, कारण तलवार थांबेल, माणूस थांबत नाही.

कायद्याचं आधी बघा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्यात धारदार शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं शस्त्र त्यात मोडतं आणि जिथे सरकारी अधिसूचना लागू आहे तिथे ते बाळगायला परवाना लागतो. तुमच्या भागात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडून समजून घ्या. तलवार घेऊन गावोगाव दाखवत फिरू नका, आणि ती परजतानाचे व्हिडिओ तर अजिबात टाकू नका. वाढदिवसाला तलवारीनं केक कापणाऱ्यांवर महाराष्ट्रात गुन्हे दाखल होतात हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. शोधासाठी तलवार हलवावी लागत नाही, चांगले फोटो पुरतात.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पातं जुनं निघालं तर हे महत्त्वाचं ठरतं.

बाहेरचा पोशाख

म्यान, मूठ, परज (मूठ आणि पातं यांच्यामधली हात वाचवणारी आडवी तबकडी) या सगळ्याला जपानीत 'कोशिराए' म्हणतात, म्हणजे तलवारीचा पोशाख. पातं एका काळाचं आणि पोशाख दुसऱ्या काळाचा असू शकतो. आपल्याकडची फिरंग आठवा. पातं युरोपातून आलेलं, मूठ इथल्या कारागिरानं चढवलेली. जपानी अधिकाऱ्यांना तलवार स्वतःच्या खर्चानं घ्यावी लागे. कुणी बाजारातून नवी घेई, कुणी घराण्यातलं तीन-चारशे वर्षांचं पातं काढून त्याला लष्करी पोशाख चढवून घेई. त्यामुळे पोशाखावरून पात्याचं वय ठरवायचं नाही. पोशाख सांगतो ते एवढंच की ही तलवार कोणत्या दलात, साधारण कोणत्या वर्षांत वापरात होती.

परजेला इंग्रजी डी अक्षरासारखी बोटं झाकणारी कमान असेल तर ती जुन्या धर्तीची 'क्यू-गुंतो', १९३४ च्या आधीची. १९३४ मध्ये लष्करानं पाश्चात्त्य वळण सोडून जुन्या जपानी वळणाची तलवार आणली, ती 'शिन-गुंतो'. नमुना ९४ आणि नमुना ९८ हे तिचे दोन मुख्य प्रकार. हे आकडे येतात जपानी राजवर्षावरून. त्यात ६६० वर्षं जास्त धरतात, म्हणून २५९४ म्हणजे १९३४ आणि २५९८ म्हणजे १९३८. नमुना ९४ च्या म्यानाला पट्ट्यात अडकवायच्या दोन कड्या असतात, ९८ ला एक. मुठीवर आणि परजेवर साकुराची, म्हणजे चेरीची, फुलं असतात. नौदलाची 'काइ-गुंतो' १९३७ ची. तिचं म्यान सहसा काळं आणि मुठीखालची माशाची कातडीही गडद रंगाची.

एक प्रकार मात्र इथेच बाजूला काढा. मूठ फीत गुंडाळल्यासारखी दिसते, पण हात लावल्यावर कळतं की सगळी धातूची ओतीव आहे, वर रंग दिलेला. पात्यावर लांब खोबण आणि परजेजवळ पात्यावरच ठोकलेला आकडा. ही १९३५ ची हवालदार-नाईक दर्जाच्या लोकांची नमुना ९५, सरकारी कारखान्यात यंत्रावर झालेली. तिच्यावर लोहाराची सही नसतेच. तिच्याबाबतीत पात्यावरचा आकडा आणि म्यानावरचा आकडा जुळतो का एवढं पाहायचं.

मुठीला गोंडा लोंबत असेल तर त्याचा रंग टिपून ठेवा. तपकिरी-निळा कॅप्टनपर्यंतच्या अधिकाऱ्यांचा, तपकिरी-लाल मेजर ते कर्नल दर्जाचा, आणि सोनेरी धागा असेल तर जनरलचा. मुठीच्या टोकावर कधी छोटं चांदीचं घराण्याचं चिन्ह असतं, 'मोन'. कधी लाकडाची किंवा कापडाची चिठ्ठी बांधलेली असते, शाईनं काहीतरी लिहिलेली. ती चिठ्ठी कुणी कचरा समजून काढून टाकू नये, म्हणून हे वेगळं लिहितोय. शरणागतीच्या वेळी अधिकाऱ्यानं त्यावर आपलं नाव आणि पत्ता लिहिलेला असू शकतो. ते मालकाचं नाव, घडवणाऱ्याचं नव्हे. दोन्ही नावांचा शोध वेगवेगळा असतो.

मूठ उतरवणं

सही असते मुठीच्या आत, पात्याच्या शेपटाकडच्या भागावर. या भागाला जपानीत 'नाकागो' म्हणतात. इथून पुढे हाच शब्द वापरतो.

तलवार म्यानातून ओढण्याआधी परजेजवळ एक बारीक कळ आहे का ते पाहा. लष्करी तलवारींना बहुधा असते. ती दाबल्याशिवाय पातं सुटत नाही आणि जोर केला तर खटका तुटतो. म्यान डाव्या हातात, धार वरच्या बाजूला, आणि पाठीचा भाग म्यानावर सरकवत सावकाश बाहेर काढा. म्यानाभोवती बोटांचा विळखा धारेच्या बाजूला येऊ देऊ नका. जुनी लाकडी म्यानं धारेच्या रेघेवर उकललेली असतात आणि बोटं कापतात.

मुठीत आरपार एक बांबूची खुंटी असते, 'मेकुगी'. युद्धाच्या शेवटच्या काळातल्या काही तलवारींना दोन असतात. खुंटी एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला जाड असते. बारीक बाजूनं ठोकायचं, जाड बाजूनं ती बाहेर येते. लाकडाची किंवा पितळेची बोथट काडी आणि छोटी हातोडी पुरे. खिळा वापरू नका, बांबू चिरतो.

काकूंच्या तलवारीची खुंटी हलेना. कित्येक वर्षं पात्याला खोबरेल लावलं होतं, ते मुठीत उतरून डिंकासारखं घट्ट झालं होतं. आम्ही हातोडीचा जोर वाढवला नाही. भोकाच्या दोन्ही तोंडांशी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी तिसऱ्या टिचकीला खुंटी सरकली.

खुंटी निघाली की मूठ डाव्या हातात धरा, पातं वर आणि अंगापासून किंचित पलीकडे झुकलेलं. उजव्या हाताची मूठ वळून डाव्या मनगटावर हलके ठोसे द्या. पातं हळूहळू मुठीतून वर उसळतं. ते सैल झालं की पाठीच्या बाजूनं फडक्यानं धरून उचला. परजेच्या दोन्ही बाजूंना पातळ धातूच्या चकत्या असतात, 'सेप्पा'. त्यांची एक बाजू दुसऱ्यासारखी नसते आणि क्रम चुकला तर तलवार पुन्हा घट्ट बसत नाही. म्हणून काढताना प्रत्येक चकती वर्तमानपत्रावर ओळीनं मांडा आणि मोबाइलवर फोटो घ्या. चकत्यांवर बारीक आकडे ठोकलेले असतील. ते जोडणीचे आकडे आहेत, सगळ्या भागांवर एकच असेल तर पोशाख मूळचा आहे.

मूठ निघत नसेल तर थांबा. शिकंजात धरून, ओढाताण करून मूठ फोडलेली मी पाहिली आहे, आणि तुटलेली ती मूठ पुन्हा नीट जुळली नाही.

नाकागोचा गंज

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : नाकागोचा गंज साफ करायचा नाही.

आपल्या घरांत धातू दिसला की चिंच, लिंबू, राख, पितांबरी घेऊन बसायची सवय आहे. तांब्याच्या कळशीला ते चालतं. जपानी पात्याचा नाकागो मात्र घडवणारा मुद्दाम उघडा ठेवतो, त्याला पुढे कुणी घासत नाही, आणि त्यावरचा गंज हे त्याचं वय असतं. चारशे वर्षांच्या नाकागोवर गडद, जवळजवळ काळा, गुळगुळीत गंज असतो. बोट फिरवलं तर बोटाला लागत नाही. १९४० च्या आसपासच्या नाकागोवर तो पातळ, तपकिरी, कुठे कुठे राखाडी पोलाद डोकावणारा असतो आणि कानशीच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. हा फरक सहीइतकाच बोलका आहे. सॅंडपेपर फिरवला की साक्षीदार कायमचा गेला. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, बस.

पात्यालाही पॉलिश, ब्रासो, ग्राइंडर काही नको. त्याचं पॉलिश हा जपानात वेगळा, वर्षानुवर्षं शिकायचा व्यवसाय आहे.

फोटो

नाकागो पूर्ण, दोन्ही बाजूंनी, टोक वर आणि नाकागो खाली असा उभा. मोबाइल पात्याला समांतर धरा, तिरका धरला तर अक्षरं पसरतात. उजेड एका बाजूनं, खालच्या कोनातून पाडा. खिडकीजवळ सकाळचं ऊन कडेनं येतं तेव्हा छिन्नीच्या प्रत्येक घावाला सावली मिळते. समोरून फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसतं. अक्षरं फार पुसट असतील तर बोटावर चिमूटभर टाल्कम पावडर घेऊन हलकेच फिरवा, ती खाचांत बसते आणि नंतर ब्रशनं निघते.

आणखी एक सोपी रीत आहे. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा काढायचो ना, तसा पातळ कागद नाकागोवर ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवा. जपानी अभ्यासकही ठसेच ठेवतात, त्यांना 'ओशिगाता' म्हणतात. फोटोत न दिसलेली रेघ कधीकधी ठशात उमटते.

सही कोणत्या बाजूला आहे

टोक वर धरून सही स्वतःकडे करा. धार डावीकडे आली तर ती 'काताना' पद्धतीची सही, उजवीकडे आली तर 'ताची' पद्धतीची. बहुसंख्य लोहार पहिल्या पद्धतीनं सही करत. टोकियोच्या यासुकुनी देवळाच्या आवारात १९३३ ते १९४५ पर्यंत चाललेल्या भट्टीतले लोहार दुसऱ्या पद्धतीनं करत. तिथे सुमारे ८,१०० तलवारी झाल्या आणि तिथल्या लोहारांची नावं 'यासु' या अक्षरानं सुरू होतात : यासुनोरी, यासुहिरो, यासुमित्सु. बाजू आणि पहिलं अक्षर, दोन्ही जुळल्या तर शोध पाच मिनिटांत अर्धा होतो.

अक्षरं वाचणं

जपानी येत नाही म्हणून कुणी घाबरू नये. सहीत येणारी अक्षरं ठरलेली आहेत आणि पन्नास-साठ ओळखता आली तरी बरंच काम होतं.

सुरुवात मागच्या बाजूनं करा, कारण तिथे तारीख असते आणि तारीख सर्वांत सोपी. एक, दोन, तीन हे आकडे तेवढ्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे आपलं बेरजेचं चिन्ह. आठ म्हणजे वर जवळ, खाली फाकलेल्या दोन रेघा, चिमट्यासारख्या. चार म्हणजे चौकटीत लोंबणाऱ्या दोन रेघा. 'महिना' हे अक्षर दोन पायऱ्यांच्या, खाली उघड्या शिडीसारखं, आणि 'दिवस' हे मध्ये एक फळी असलेल्या बंद कपाटासारखं. सुरुवातीला दोन अक्षरं 'शो' आणि 'वा'. 'शो'च्या डाव्या बाजूला तेच छोटं कपाट दिसेल. शोवा सालात १९२५ मिळवले की आपलं साल येतं. बेरजेचं चिन्ह आणि त्याखाली सात, म्हणजे सतरा, म्हणजे १९४२.

जुन्या पात्यांवर दुसरा किंवा आठवा महिना वारंवार दिसतो. ती लिहायची रूढी होती, त्यावरून खरा महिना धरू नका. तारीखच नसेल तरी बिघडत नाही, पुष्कळ पात्यांवर नसते.

आता पुढची बाजू. वाचन वरून खाली. सर्वसाधारण क्रम असा : प्रांत किंवा गाव, मग 'जू' म्हणजे 'राहणार', मग नाव, शेवटी 'साकु' म्हणजे 'घडवली'. आपण 'मुक्काम पोस्ट' लिहितो तसंच. मध्ये 'फुजिवारा' किंवा 'मिनामोतो' आलं तर ते आडनाव समजू नका, थोर कुळाशी नातं सांगायची ती पद्धत आहे. 'कामी' शेवटी असलेला भाग ही पदवी.

काकूंच्या तलवारीवर पाच अक्षरं होती. पहिलं वाड्याच्या दिंडीदरवाज्यासारखं, दोन झडपा आणि आत काहीतरी : 'सेकी', हे गावाचं नाव. दुसरं 'जू', डावीकडे उभ्या माणसाची खूण. तिसरं डोक्यावर दोन छोटी शिंगं आणि खाली फाकलेले पाय : 'काने'. चौथ्याच्या डावीकडून एक रेघ खाली येऊन होडीच्या तळासारखी उजवीकडे लांब सरकत गेलेली : 'मिची'. पाचवं 'साकु'. मित्रानं फोटो मोबाइलच्या भाषांतराला दिला होता. त्याला उत्तर आलं होतं, अडथळा, राहणे, आणि, रस्ता, करणे. शब्दाशब्दाचा अर्थ बरोबर आणि वाक्य निरुपयोगी, कारण नावाचं भाषांतर करायचं नसतं.

त्यापेक्षा मोबाइलच्या कीबोर्डमध्ये जपानी भाषा घाला आणि हस्तलेखनाचा पर्याय निवडा. दिसेल तसं अक्षर बोटानं काढा. वरून खाली, डावीकडून उजवीकडे अशा क्रमानं रेघा ओढल्या तर तो पटकन ओळखतो. छिन्नीनं पोलादावर गोलाई येत नाही, म्हणून छापील अक्षरातली वळणं इथे तुटक कोनांत दिसतील. एकेक अक्षर पक्कं करा, सगळं एकदम शोधू नका.

शिक्के : नावाआधीचा निवाडा

नाकागोवर सहीच्या वर किंवा बाजूला बारीक शिक्का ठोकलेला आहे का, हे भिंगातून पाहा. १९३० च्या दशकाच्या शेवटी मागणी इतकी वाढली की पारंपरिक पद्धतीनं ती पुरी होणं अशक्य होतं. पारंपरिक तलवार म्हणजे लोखंडी वाळूपासून भट्टीत काढलेलं 'तामाहागाने' पोलाद, पुन्हा पुन्हा घडी घालून घडवलेलं, पाण्यात विझवलेलं. अशा विसाव्या शतकातल्या पात्याला 'गेंदाइतो' म्हणतात. कारखान्यातल्या पोलादाचं, बहुधा तेलात विझवलेलं, ते 'शोवातो'. दोन्हींवर सही असते. फरक शिक्का सांगतो.

'शो' अक्षराचा शिक्का आधीचा, 'सेकी'चा त्यानंतरचा. दोन्ही तपासणीचे शिक्के आहेत आणि ते असले की पातं शोवातो धरायचं. पाच टोकांचा छोटा तारा मात्र वेगळी गोष्ट सांगतो. सैन्यानं नेमलेल्या लोहारांना तामाहागाने आणि कोळसा पुरवला जाई आणि त्यांनी घडवलेल्या पात्यांवर तारा येई. ती पारंपरिक. नांगराचा शिक्का नौदलाच्या कारखान्याचा. पाण्यावर तरंगणारं शेवंतीचं फूल कोरलेलं असेल तर पातं कोबेच्या मिनातोगावा देवळातल्या भट्टीचं, नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी केलेलं, आणि तिथल्या लोहारांची नावं 'मासा'नं सुरू होतात. मंचुरियात दक्षिण मंचुरिया रेल्वेनं काढलेल्या तलवारींवर 'कोआ इश्शिन', म्हणजे आशियाच्या उत्थानासाठी एकचित्त, असं कोरलेलं आढळतं. तिथे व्यक्तीचं नाव शोधायचंच नाही, घडवणारी ती रेल्वे कंपनी.

शिक्का नाही म्हणून पातं पारंपरिक, असं मात्र होत नाही. तेव्हा धारेकडे बघा. अंधाऱ्या खोलीत एका बल्बखाली पातं तिरकं धरा. धारेलगत पांढरट लाट दिसते, 'हामोन'. पाण्यात विझवलेल्या चांगल्या पात्यात त्या लाटेच्या काठावर दहिवरासारखे बारीक चमकते कण दिसतात. तेलात विझवलेल्यात काठ सपाट आणि मंद असतो, आणि लाटेची नक्षी पूर्ण पात्यावर ठोकळ्यानं छापल्यासारखी एकसारखी येते. डोळा बसायला वेळ लागतो. बसला की विसरत नाही.

नाव सापडल्यावर

आता नाव शोधा आणि लगेच उत्साहाला आवर घाला. एकच नाव पिढ्यानपिढ्या आणि वेगवेगळ्या गावांत वापरलं गेलं आहे. बिझेनच्या ओसाफुने गावात 'सुकेसादा' या एकाच नावानं सही करणारे कितीतरी लोहार झाले. 'काने' हे अक्षर तर मिनो प्रांतातल्या सेकी गावाचं जणू कुलनाम, तिथल्या अर्ध्या सह्या त्यानंच सुरू होतात. 'कानेमिची' म्हटलं की सोळाव्या शतकातला मिनोचा कानेमिची समोर येतो, ज्याचे चार मुलगे क्योतोला जाऊन नावारूपाला आले. मित्राच्या पुतण्यानं इंटरनेटवर तेच वाचून घरात साडेचारशे वर्षांची तलवार असल्याचं जाहीर करून टाकलं होतं.

पण आपले साक्षीदार काय म्हणत होते? गंज पातळ आणि तपकिरी. कानशीच्या रेघा ताज्या. मागे शोवा १७. सहीच्या वर 'सेकी'चा बारीक शिक्का. ही तलवार १९४२ ची, आणि त्या काळी सेकीत कोजिमा आडनावाचे लोहार कानेमिची या नावानं सही करत होते. शोध तिकडे वळवायचा. सेकीत सही कोरणारे कारागीरही वेगळे असत, म्हणून नाव कोजिमांच्या दुकानाचं आणि छिन्नी दुसऱ्याच्या हातातली, हेही शक्य होतं. मी काकूंना तसंच सांगितलं.

सही पडताळायची ती त्याच लोहाराच्या खात्रीच्या सहीशी. नाव जुळणं पुरेसं नाही. रेघ कुठे सुरू होते, कोणता घाव खोल आहे, दोन अक्षरांत अंतर किती, सही खुंटीच्या भोकाच्या किती वर किंवा खाली आहे, पाठीकडे सरकलेली आहे की मधोमध. माणसाचं हस्ताक्षर ओळखतो तसंच हे आहे. थोर नावांच्या बाबतीत जास्त कडक व्हा. खोट्या सहीला 'गिमेइ' म्हणतात आणि ती शतकानुशतकं होत आली आहे. 'मासामुने' दिसलं तर जवळजवळ नक्कीच खोटी समजा, त्या लोहाराच्या सही केलेल्या तलवारी अत्यंत दुर्मीळ आहेत. 'कोतेत्सु'चंही तेच. नाकागोला दोन-तीन भोकं असतील आणि सही खालच्या टोकाला अर्धी कापली गेली असेल, तर जुनं लांब पातं आखूड करून घेतलेलं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी घाई न करता जाणकाराला दाखवा.

अलीकडच्या नकलाही बाजारात फिरतात. सगळ्या अक्षरांची खोली सारखी, रेघांच्या कडा रसायनानं खाल्ल्यासारख्या मऊ, परजेवरची फुलं ओतताना बुजलेली, नाकागोला पेच. असं दिसलं तर लोहाराचा शोध तिथेच थांबवा.

पुढे कोणाला विचारायचं

सह्यांच्या छापील नामावल्या आणि ठशांचे संग्रह आहेत, इंटरनेटवरही अभ्यासकांचे गट आहेत. विचारताना एकदम सगळं द्या : दोन्ही बाजूंचे उभे फोटो, शिक्क्याचा जवळून फोटो, पात्याची लांबी, भोकांची संख्या, पूर्ण पोशाख. लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ मोजायची, नाकागो धरायचा नाही. तुम्ही स्वतः काय वाचलंत तेही लिहा. कष्ट केलेल्या माणसाला लोक मनापासून मदत करतात.

टोकियोत १९४८ पासून 'निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई' ही संस्था पाती तपासून प्रमाणपत्र देते. ती फक्त पारंपरिक पात्यांना. शोवातोची जपानात नोंदणी होत नाही, त्यामुळे तो तिकडे पाठवायचा विचारही करू नका, परत मिळणार नाही.

जोडणी उलट क्रमानं : चकत्या, परज, चकत्या, मूठ, खुंटी. खुंटी पक्की बसल्याशिवाय तलवार उभी धरू नका. पात्याला मऊ कापडानं शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात, बोटांचे ठसे पुसून. खोबरेल नको, ते चिकटतं आणि पात्यावर डाग पाडतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दर महिन्याला एकदा पाहणी. चामड्याचं आवरण ओल धरतं, म्हणून ते म्यानावरून काढून वेगळं ठेवा.

खंडेनवमीची पूजा काकू सोडणार नव्हत्या आणि मी तसं सुचवणारही नव्हतो. एवढंच ठरलं की हळदकुंकू आता पाटावर, तलवारीच्या पुढ्यात वाहायचं, पात्याला लावायचं नाही. ट्रंकेत धोतराऐवजी सुती पिशवी आली आणि तिच्यात एक जाड कागद : आजोबांचं नाव, पलटण, ब्रह्मदेश १९४५, आणि खाली सेकी गाव, कानेमिची, शोवा १७. काकूंनी त्या पाच अक्षरांचा पेन्सिलीचा ठसा मागून घेतला आणि देवघराशेजारी आजोबांच्या फोटोच्या चौकटीत मागून सरकवला.